करंट प्रोब: वायर न तोडता प्रवाह कसा मोजायचा आणि आकडा कुठे फसवतो

सबमर्सिबल मोटर चालू आहे, पाइपातून पाणी धो-धो पडतंय, आणि बोअरमध्ये उतरणाऱ्या फ्लॅट केबलला टाँग टेस्टर (वायरभोवती जबडा मिटवून प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर) लावला तर डिस्प्लेवर ०.० अँपिअर. अशा वेळी मीटर बिघडला असं समजून तो हलवून, ठोकून पाहिला जातो. खरं तर मीटर बरोबर सांगत असतो. थ्री-फेज मोटरच्या तिन्ही वायरींतल्या प्रवाहांची बेरीज प्रत्येक क्षणी शून्य होते. तिन्ही वायरी एकत्र जबड्यात आल्या की त्यांची चुंबकीय क्षेत्रंही एकमेकांना खोडून काढतात. क्लॅम्प मीटर असो, ऑसिलोस्कोपचा (सिग्नलचा आकार पडद्यावर दाखवणाऱ्या उपकरणाचा, थोडक्यात स्कोपचा) प्रोब असो की वायरभोवती गुंडाळायची रोगोव्स्की कॉइल, जबड्यातून जाणाऱ्या सगळ्या प्रवाहांची बेरीज जे चुंबकीय क्षेत्र तयार करते, तेवढंच त्याला कळतं. म्हणून आकडा वाचण्याआधी 'या जबड्यात नेमकं काय काय आलं आहे?' हा प्रश्न स्वतःला विचारायचा. पुढे जे काही सांगितलं आहे ते याच प्रश्नाभोवती फिरतं.

वायर तोडून मध्ये शंट (ठरावीक, अगदी कमी रोधाचा रेझिस्टर) लावायचा हा जुना मार्ग आजही अचूकतेत मागे नाही. आपल्याकडच्या डीसी पॅनेलांत ७५ मिलिव्होल्टचे शंट सर्रास दिसतात, म्हणजे १०० अँपिअरच्या शंटवर पूर्ण प्रवाहाला ७५ मिलिव्होल्ट पडतात. पण त्यासाठी सर्किट बंद करावं लागतं, शंट तापतो, आणि मोजणारं उपकरण सर्किटच्या व्होल्टेजवर जाऊन बसतं. प्रोबमुळे या तिन्ही अडचणी टळतात, पण चुंबकीय क्षेत्राच्या अडचणी सोबत येतात.

जबड्याच्या आत काय घडतं

साध्या एसी क्लॅम्पमध्ये ट्रान्सफॉर्मर असतो. जबडा हा त्याचा गाभा, आपली वायर ही एका वेढ्याची प्रायमरी आणि हँडलमधली कॉइल ही सेकंडरी. सेकंडरीला १००० वेढे असतील तर १० अँपिअरचे १० मिलिअँपिअर होतात. ते १० ओहमच्या बर्डन रेझिस्टरमधून गेले की १०० मिलिव्होल्ट मिळतात, म्हणजे १० मिलिव्होल्ट प्रति अँपिअर. हाच रेझिस्टर प्रायमरीच्या बाजूने पाहिला तर वेढ्यांच्या वर्गाने भागला जातो: १० भागिले १० लाख, म्हणजे १० मायक्रोओहम. प्रोब लावल्याने सर्किटवर जवळजवळ फरक पडत नाही, तो यामुळेच.

काही क्लॅम्पमध्ये बर्डन आत नसतो आणि बाहेर थेट करंट येतो, १ मिलिअँपिअर प्रति अँपिअर. असा क्लॅम्प मीटरच्या मिलिअँपिअर सॉकेटलाच लावायचा. तो उघडा ठेवून चालू वायरवर लावला, किंवा थेट स्कोपच्या १ मेगाओहम इनपुटला जोडला, तर सेकंडरीवर धोकादायक व्होल्टेज चढू शकतं. पॅनेलमधल्या सीटीची (करंट ट्रान्सफॉर्मरची) सेकंडरी कधीही उघडी ठेवू नये हा नियम इलेक्ट्रिशियनला पाठ असतो. इथेही तोच लागू आहे.

ट्रान्सफॉर्मरला डीसी कळत नाही, कारण स्थिर क्षेत्राने कॉइलमध्ये व्होल्टेज निर्माण होत नाही. डीसीसाठी गाभ्याच्या फटीत हॉल सेन्सर बसवतात. एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये सोन्याच्या पातळ पत्र्यावर हा परिणाम दाखवला: पत्र्यातून प्रवाह सोडून त्याला काटकोनात चुंबकीय क्षेत्र दिलं की पत्र्याच्या कडांमध्ये बारीकसं व्होल्टेज मिळतं. आज सोन्याच्या जागी अर्धवाहक असतो, कारण त्यात हे व्होल्टेज पुष्कळ मोठं मिळतं. तोटा इतकाच की सेन्सरचा शून्य तापमानानुसार सरकतो.

स्कोपच्या महागड्या प्रोबमध्ये या दोन्ही गोष्टी एकत्र असतात. हॉल सेन्सरला गाभ्यात जे क्षेत्र दिसतं, त्याच्या उलट प्रवाह अँप्लिफायर एका कॉइलमध्ये सोडतो आणि क्षेत्र जवळजवळ शून्यावर आणतो. त्यासाठी किती प्रवाह लागला तेच मोजमाप. फ्रीक्वेन्सी वाढली की तीच कॉइल स्वतः ट्रान्सफॉर्मर म्हणून काम करू लागते. त्यामुळे एकाच प्रोबमध्ये डीसीपासून काही दशलक्ष हर्ट्झपर्यंत मोजता येतं.

आधी प्रोबची परीक्षा

कुठलाही प्रोब नवीन हातात आला, किंवा बराच काळ पडून होता, तर कामाला लावण्याआधी ज्ञात प्रवाहावर तपासावा. लागणारं सामान: करंट लिमिट असलेला बेंच सप्लाय, २ मीटर इन्शुलेटेड वायर, आणि १० अँपिअर सॉकेटचा बरा मल्टिमीटर.

१. वायरचे मोजून १० वेढे घ्या, साधारण ५ सेंटिमीटर व्यासाचे, आणि टेपने बांधा. जबड्याच्या आतून वायर किती वेळा गेली तेच मोजायचं. बाहेरचे फेरे धरायचे नाहीत.

२. वेढे, मल्टिमीटर आणि सप्लाय सिरीजमध्ये जोडा. सप्लाय करंट लिमिटवर चालवून १.०० अँपिअर लावा. मल्टिमीटर सिरीजमध्ये आहे आणि पिन १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये आहे याची दोनदा खात्री करा.

३. प्रवाह बंद असताना प्रोब शून्य करा, मग वेढ्यांवर लावा आणि प्रवाह सुरू करा. प्रोबला १० अँपिअर दिसायला हवेत.

४. प्रोब काढून उलट्या बाजूने लावा. आकडा तेवढाच, पण उणे यायला हवा.

चौथी पायरी बहुतेक जण गाळतात, आणि खरी माहिती तिच्यातच असते. समजा, सरळ लावल्यावर १०.२४ आणि उलट लावल्यावर −१०.०० आलं. उणे चिन्ह सोडून दोन्ही आकड्यांची सरासरी १०.१२, हे प्रोबचं खरं मापन. फरकाचा अर्धा भाग ०.१२, हा शून्याचा सरकलेपणा. म्हणजे या प्रोबच्या गुणोत्तरात १.२ टक्क्यांची चूक आहे आणि शून्यात ०.१२ अँपिअरची, आणि दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. प्रत्यक्ष कामातही, प्रवाह स्थिर असेल तर असं दोन्ही बाजूंनी वाचन घेऊन सरासरी काढावी. यात फक्त काही सेकंद जास्त जातात.

एसी क्लॅम्पसाठी हीच परीक्षा दिव्याच्या किंवा गिझरच्या लोडवर करता येते, पण २३० व्होल्टच्या वायरचे वेढे नीट इन्शुलेटेड हवेत आणि जोडणी सप्लाय बंद करूनच करावी. एसीत उलट लावल्याने आकडा बदलू नये. बदलला तर बाहेरचं क्षेत्र शिरतंय.

एसी: मोटर आणि पॅनेल

४१५ व्होल्टच्या ५ एचपी पंपाला पूर्ण लोडवर साधारण साडेसात अँपिअर लागतात. सबमर्सिबलला अनेकदा थोडे जास्त, म्हणून नेमप्लेट पाहावी. मोजायचं ते स्टार्टरमध्ये, जिथे तिन्ही कोअर सुट्या होतात, आणि एका वेळी एकच कोअर जबड्यात घ्यायची. तिन्ही आकडे लिहून काढा. एका फेजचा आकडा बाकी दोघांपेक्षा ठळकपणे जास्त असेल तर लगेच मोटरला दोष देऊ नका. फेजांमधल्या व्होल्टेजचा थोडासा असमतोलही मोटरच्या प्रवाहात कित्येक पटींनी मोठा होऊन दिसतो, म्हणून आधी तिन्ही व्होल्टेज मोजा. मग येणाऱ्या तिन्ही वायरी क्रमाने एकेक जागा पुढे सरकवून जोडा, म्हणजे मोटरची दिशा बदलणार नाही. जास्तीचा प्रवाह सप्लायच्या त्याच फेजसोबत राहिला तर सप्लायमध्ये खोट, मोटरच्या त्याच टोकासोबत सरकला तर मोटर किंवा केबलमध्ये.

स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये (मोटर आधी स्टार, मग डेल्टा जोडणीत चालवणाऱ्या स्टार्टरमध्ये) एक गफलत नेहमी होते. डेल्टात चालताना मोटरकडे जाणाऱ्या सहा वायरींपैकी एकीवर क्लॅम्प लावला तर लाइन करंटच्या फक्त ०.५८ पट दिसतो. १५ अँपिअरच्या मोटरला ८.७ दिसले म्हणून ती हलकी चालत आहे असं नाही.

सुरुवातीचा झटका मोजायचा असेल तर मीटरला इनरश मोड हवा. थेट स्टार्टरवर मोटर पूर्ण लोडच्या सहा-सात पट प्रवाह काही क्षण ओढते, आणि साध्या डिस्प्लेचं वाचन तिथवर पोहोचायच्या आत झटका ओसरतो. कमाल मूल्य धरून ठेवणारा मॅक्स मोडही पुष्कळदा संथ असतो.

लोडमध्ये एलईडी ड्रायव्हर, यूपीएस, संगणक असतील तर मीटर ट्रू आरएमएसच (कुठल्याही आकाराच्या प्रवाहाचं खरं प्रभावी मूल्य मोजणारा) घ्या. स्वस्त मीटर सरासरी मोजून तिला १.११ ने गुणतो, आणि हा गुणक फक्त शुद्ध साइन वेव्हलाच लागू होतो. या लोडचा प्रवाह प्रत्येक अर्ध्या आवर्तनाच्या माथ्यावर टोकदार ठोक्यांनी येतो, आणि तिथे असा मीटर ४० टक्क्यांपर्यंत कमी दाखवू शकतो. न्यूट्रल तापतोय आणि मीटर म्हणतो सगळं ठीक, अशा तक्रारीत सगळ्यात आधी हेच तपासावं. व्हीएफडीच्या (फ्रीक्वेन्सी बदलून मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) आउटपुटवर काम असेल तर मीटरमध्ये त्यासाठीचा लो-पास मोड आहे का ते पाहा. नसेल तर हजारो हर्ट्झच्या कॅरिअरमुळे आकडा उड्या मारेल.

सुरक्षिततेबाबत तडजोड नको. वितरण पॅनेलमध्ये मीटर किमान कॅट तीन (मीटरवर लिहिलेला सुरक्षा वर्ग), ६०० व्होल्टचा हवा, बोटं हँडलवरच्या कडेच्या मागेच राहिली पाहिजेत, आणि उघड्या बसबारवर लावण्याआधी त्या क्लॅम्पला तशी परवानगी आहे का हे मॅन्युअलमध्ये वाचा. स्कोपचे बरेच नाजूक प्रोब फक्त इन्शुलेटेड वायरसाठीच असतात.

डीसी: सगळा खेळ शून्याचा

सरळ वायरमधून १ अँपिअर जात असेल तर १ सेंटिमीटरवर त्याचं क्षेत्र २० मायक्रोटेस्ला असतं. महाराष्ट्रात पृथ्वीचं क्षेत्र साधारण ४० ते ४५ मायक्रोटेस्ला आहे. म्हणजे जवळून जाणाऱ्या दोनेक अँपिअरच्या वायरीएवढं क्षेत्र पृथ्वी आपल्यावर सतत टाकत असते. गाभा आपल्या वायरचं क्षेत्र फटीत एकवटतो, त्यामुळे तिथे ते शेकडो मायक्रोटेस्ला होतं. चांगल्या क्लॅम्पमध्ये दोन फटींत दोन सेन्सर असतात. बाहेरचं एकसारखं क्षेत्र त्या दोघांत विरुद्ध खुणेने येऊन बरंचसं कटतं. बरंचसं, पूर्ण नव्हे. डीसी क्लॅम्प हातात धरून जागेवरच गोल फिरा, आकडा दिशेप्रमाणे हलताना दिसेल.

म्हणून शून्य करण्याची पद्धत ठरलेली हवी. ज्या वायरवर मोजायचं तिच्या शेजारी, ज्या कोनात लावायचं त्याच कोनात, जबडा पूर्ण बंद करून आणि आत काहीही नसताना शून्याचं बटण दाबा. मग प्रोब न वळवता वायरवर चढवा. टेबलावर शून्य करून मग शिडीवर चढून उभा क्लॅम्प आडवा लावला, तर तो शून्य वाया गेला. वाचन झाल्यावर प्रोब काढून पुन्हा शून्य पाहा. तो सरकला असेल तर मधलं वाचन तेवढ्याने संशयास्पद. लांब चाललेल्या मापनात दर काही मिनिटांनी हे करावं लागतं, कारण हातातली ऊब आणि उतरत जाणारी बॅटरी दोन्ही शून्य हलवतात.

छतावरच्या सोलर स्ट्रिंगचं उदाहरण घेऊ. ५४० वॅटच्या आजच्या पॅनेलला पूर्ण उन्हात १३ अँपिअरच्या आसपास प्रवाह असतो, सकाळी त्यापेक्षा बराच कमी. मीटरवर लिहिलंय '±(२% + ५ डिजिट)'. ४०० अँपिअरच्या रेंजवर शेवटचा अंक ०.१ अँपिअरचा. १० अँपिअर मोजताना चूक ०.२ अधिक ०.५, म्हणजे ०.७ अँपिअर, तब्बल ७ टक्के. त्याच मीटरच्या ४० अँपिअर रेंजवर शेवटचा अंक ०.०१ असेल आणि अचूकता तीच असेल, तर चूक ०.२५ वर येते. दोन स्ट्रिंगांत ५ टक्के फरक शोधायचा असेल तर पहिल्या रेंजवर तो दिसणारच नाही. 'डिजिट' हा शब्द दुर्लक्षित राहतो, आणि कमी प्रवाहावर सगळी चूक त्याच्यातच दडलेली असते. या कामात क्लॅम्पचा आणखी एक मोठा आधार आहे: चालू लोडवर सोलरचा कनेक्टर उघडला तर डीसीचा आर्क सुटतो, आणि क्लॅम्प वापरला तर तो उघडावाच लागत नाही.

ऑसिलोस्कोपवर

इथे प्रवाहाचा आकार पाहायचा असतो. पहिला प्रश्न बँडविड्थचा. बाजारात सहज मिळणारा हॉल क्लॅम्प २० ते १०० किलोहर्ट्झचा असतो. चढण्याचा वेळ म्हणजे ०.३५ भागिले बँडविड्थ, म्हणून १०० किलोहर्ट्झच्या प्रोबला कुठलीही कड साडेतीन मायक्रोसेकंदांपेक्षा वेगाने दाखवता येत नाही. १०० किलोहर्ट्झवर स्विच होणाऱ्या एसएमपीएसचं (स्विचिंग पॉवर सप्लायचं) एक पूर्ण आवर्तनच १० मायक्रोसेकंदांचं असतं. इंडक्टरचा त्रिकोणी प्रवाह अशा प्रोबवर गुळगुळीत, गोलसर दिसेल आणि त्याचं टोक छाटलेलं असेल. बॅटरी, मोटर, स्टार्टर, रिले यांच्यासाठी मात्र हाच प्रोब उत्तम आहे.

जोडणी अशी. स्कोपचं इनपुट १ मेगाओहम ठेवा. मॅन्युअलमध्ये ५० ओहम सांगितलं असेल तर तेच लावा. चुकलं तर आकडा सरळ दुप्पट किंवा अर्धा येतो. चॅनेलला अँपिअरचं एकक देता येत असेल तर प्रोबचं गुणोत्तर तिथे भरा. जुन्या स्कोपवर ती सोय नसेल तर एक सोपी युक्ती: १०० मिलिव्होल्ट प्रति अँपिअरचा प्रोब असेल तर चॅनेलचं प्रोब सेटिंग १० एक्स करा, स्क्रीनवरचा १ व्होल्ट म्हणजे १ अँपिअर. १० मिलिव्होल्ट प्रति अँपिअर असेल तर १०० एक्स. शक्य असेल तिथे जास्त संवेदनशील रेंज घ्या: स्कोपचा २ मिलिव्होल्टचा नॉइज १० मिलिव्होल्ट प्रति अँपिअरवर ०.२ अँपिअर वाटतो, १०० वर फक्त ०.०२.

चांगल्या प्रोबला २० ते ३० मिनिटं तापू द्या. मग जबडा बंद करून, वायर आत नसताना, डीगॉस करा आणि त्यानंतर शून्य करा. क्रम महत्त्वाचा आहे. डीगॉस म्हणजे गाभ्यात हळूहळू कमी होत जाणारं एसी क्षेत्र सोडून उरलेलं चुंबकत्व पुसणं. ते केल्यावर शून्य बदलतो, म्हणून आधी केलेला शून्य निरुपयोगी. वायर आत असताना डीगॉस केलं तर ते क्षेत्र आपल्या सर्किटमध्येही प्रवाह सोडतं, आणि नाजूक सर्किटला ते सोसवत नाही. मोजताना रेंजबाहेरचा मोठा डीसी गेला किंवा प्रोबचा सप्लाय गेला, तर परत डीगॉस करावं.

सर्किटमध्ये वायर नसते, ट्रॅक असतो, म्हणून प्रोबसाठी वायरचा लूप घालावा लागतो. सरळ वायरचं इंडक्टन्स ढोबळमानाने दर मिलिमीटरला १ नॅनोहेन्री. १० सेंटिमीटरचा लूप म्हणजे १०० नॅनोहेन्री, आणि प्रवाह मायक्रोसेकंदाला १०० अँपिअर वेगाने बदलत असेल तर त्या लूपवर १० व्होल्ट पडतात. मॉसफेटच्या (स्विचिंग करणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या) सोर्स टोकात असा लूप घातला तर आपण जे पाहायला आलो तेच बिघडवलं. जबडा जेमतेम बसेल इतकाच लूप ठेवा, आणि जिथे व्होल्टेज उड्या मारत नाही अशा टोकाला घाला.

उड्या मारणाऱ्या व्होल्टेजची ढवळाढवळ वेगळी ओळखता येते. प्रोब त्याच जागी, जबडा बंद, पण वायर जबड्याबाहेर चिकटून ठेवा. स्क्रीनवर स्विचिंगच्या क्षणी जे टोचे उरतात ते प्रवाहाचे नाहीत, कपॅसिटन्समधून आत आलेले आहेत. ही एक प्रतिमा सेव्ह करून ठेवा, नंतर प्रत्येक टोच्यावर वाद होणार नाही.

फक्त एसी मोजणाऱ्या ट्रान्सफॉर्मर प्रोबला दोन आजार असतात. लांब पल्स हळूहळू खाली झुकतो: खालची मर्यादा १० हर्ट्झ असेल तर टाइम कॉन्स्टंट १६ मिलिसेकंद, आणि १.६ मिलिसेकंदांच्या सपाट पल्सचा माथा सुमारे १० टक्के उतरलेला दिसेल. दुसरा आजार अँपिअर-सेकंदांचा. मर्यादा ५०० अँपिअर-मायक्रोसेकंद असेल तर ५० अँपिअर १० मायक्रोसेकंदच चालतील. त्यापुढे गाभा संपृक्त होतो, म्हणजे आणखी चुंबकत्व घेऊ शकत नाही, आणि रेघ अचानक शून्याकडे कोसळते. लोडमध्ये प्रवाह चालू असूनही स्क्रीनवर तो संपल्यासारखा दिसतो.

पॉवर लॉस मोजताना करंट आणि व्होल्टेज प्रोबच्या विलंबातला दहा-वीस नॅनोसेकंदांचा फरकही चालत नाही. शुद्ध रेझिस्टरमध्ये वेगवान पल्स सोडा, दोन्ही कडा एकावर एक येईपर्यंत स्कोपचं डिस्क्यू (दोन चॅनेलांतला वेळेचा फरक जुळवणारं सेटिंग) फिरवा, आणि मगच गुणाकार लावा.

गळती आणि रोगोव्स्की

सुरुवातीची फ्लॅट केबल पुन्हा पाहू. तिन्ही कोअर एकत्र जबड्यात घेऊन शून्य न येता ठळक आकडा आला, तर तेवढा प्रवाह जमिनीकडे जातोय, आणि ही फार उपयोगाची माहिती आहे. मात्र साध्या टाँग टेस्टरचा ०.१ अँपिअर म्हणजे १०० मिलिअँपिअर. ३० मिलिअँपिअरला पडणारी आरसीसीबी (गळती झाली की सप्लाय तोडणारा स्विच) का पडते ते त्यावर शोधता येणार नाही. त्यासाठी मिलिअँपिअरचा लीकेज क्लॅम्प हवा. घरात फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र घ्या, अर्थची वायर बाहेर ठेवा, आणि एकेक सर्किट बंद करत आकडा कुठे पडतो ते पाहा.

मोठ्या बसबारभोवती गुंडाळायला लवचीक रोगोव्स्की कॉइल सोयीची. वॉल्टर रोगोव्स्की यांनी १९१२ मध्ये ती मांडली. गाभा हवेचा असल्याने ती संपृक्त होत नाही. पण १०० नॅनोहेन्रीच्या कॉइलला ५० हर्ट्झच्या १०० अँपिअर पीकवर फक्त ३.१ मिलिव्होल्ट मिळतात, तेही प्रवाहाच्या बदलाचे, म्हणून पुढे इंटिग्रेटर लागतो. लहान प्रवाहाला आणि डीसीला ती निरुपयोगी. वायर वेढ्याच्या मध्यभागी आणि कॉइलच्या सांध्यापासून दूर ठेवा, कारण सांध्यापाशी वेढे तुटलेले असतात आणि चूक तिथेच सर्वांत जास्त.

जबड्याची तोंडं

लोखंडी गाभ्याची लांबी २०० मिलिमीटर आणि सापेक्ष पारगम्यता ५००० धरली, तर चुंबकीय क्षेत्राच्या दृष्टीने तो सगळा गाभा ०.०४ मिलिमीटर हवेइतकाच असतो. जबड्याच्या दोन तोंडांमध्ये मिळून तेवढी धूळ बसली, जी केसाच्या जाडीपेक्षाही कमी, की गाभ्याचा अडथळा दुप्पट आणि मॅग्नेटायझिंग करंटही दुप्पट. आकडा कमी येऊ लागतो, फेज सरकतो, आणि शेजारच्या वायरी जास्त शिरतात. तोंडं कोरड्या मऊ कापडाने पुसायची. सँडपेपर कधीच नको, ग्रीसही नको. गंज आलाच असेल तर निर्मात्याने सांगितलेलं तेल अगदी पातळ लावून पुसून काढा. मग जबडा दोन-तीनदा पूर्ण मिटवून, १० वेढ्यांची परीक्षा पुन्हा घेऊन आकडा वहीत लिहा.